डाव्या अंगानं

बुद्धपौर्णिमेला पोचायचं म्हणून आम्ही आठ जण हैदराबादहून नागार्जुनसागरला पायी निघालो होतो. दीडशे किलोमीटर, सहा दिवस. मी सुमेधा, तारनाक्याला राहते, एका दवाखान्यात नर्स आहे. वीस वर्षांत एवढी सलग सुट्टी पहिल्यांदाच घेतली होती.

गौलीगुड्याच्या विठाबाई आणि मी, दोघीही चालीला सावकाश. आपोआप मागं पडायचो, एकत्र चालायचो. सत्तरीची बाई, मूळची नांदेडकडची. विचारायची कमी, ऐकायची जास्त. असं माणूस शेजारी असलं की आत बांधलेलं सुटायला लागतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, माल गाव मागं पडल्यावर, मी तिला स्वप्नाचं सांगितलं. माझी धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्यानंतर एका संध्याकाळी तिचे नऊ फोन आले. मी एकही उचलला नाही. सकाळी ती तलावात सापडली.

सागर रोडवर चिटपाखरू नव्हतं. तापलेल्या डांबराचा वास आणि चपलांची घासघास, एवढंच. विठाबाईनं माझ्या डाव्या बाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाली,

"ती तुझ्या दारातच उभी होती, माय. आतल्या कूलरचा आवाज येत होता तिला."

माझे पाय थांबले. "मावशी… हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तीच सांगतीय. पहिल्या दिवसापासून तुझ्या डाव्या अंगानं चालतीय. मला वाटलं, तुला ठाऊक हाय."

डावीकडं नुसतं ऊन होतं. त्या उन्हाकडं तोंड करून मी रस्त्याच्या कडेला बसले. माफी मागितली. नाव घेऊन हाका मारल्या. घसा बसेपर्यंत रडले.

"काय म्हणते… मावशी, काय म्हणते ती?"

"तुझं ऐकूच जात नाही तिला. दार अजून बंद हाय, म्हणती…" विठाबाईचा आवाज घोगरा झाला. "पर मी दिसते तिला, म्हणती."

दुसऱ्या दिवशी उजाडताना विठाबाई पिशवी घेऊन बसथांब्यावर उभी दिसली.

"मावशी, निम्मी वाट तर झाली."

"नको माय. रातीपासून हात सोडंना झालीय."

बस आली. चढायच्या आधी ती जरा बाजूला सरली, कुणाला तरी पुढं जाऊ दिलं, मग चढली.

मी सागरला पोचले. काठावर सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं, मी डावीकडं पाहत राहिले. तीन दिवस स्वप्ना माझ्याबरोबर होती तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळत होतं, ती नव्हती.

परतल्यावर थेट गौलीगुड्याला गेले. विठाबाईच्या सुनेनं, मीनानं, दार उघडलं.

"आल्यापासून निजूनच आहेत. डॉक्टर म्हणतात, ऊन लागलं. कुणाशी तरी हळूहळू बोलत राहतात… परेशान आहोत आम्ही."

विठाबाईनं मला ओळखलं नाही. सवयीनं मी तिचं उजवं मनगट धरलं. नाडी लागली, बारीक आणि जलद. आणि तिच्या खालून आणखी एक… संथ, थांबत थांबत चालणारी.

मी बोटं सरकवून पुन्हा पाहिलं. दोन्ही होत्या.

मग डावं मनगट धरलं. तिथं नाडी एकच लागली.

ती संथ.