लाल जर्सी

सरावाच्या वेळी क्वार्टरबॅकच्या अंगात लाल जर्सी असते आणि लाल जर्सीला कोणी धक्का लावायचा नाही, हा नियम अमेरिकन फुटबॉलमध्ये सोवळ्यासारखा पाळतात. बाकीचे गडी एकमेकांवर खुशाल आदळोत. याला मात्र जपायचं, कारण संघाचा सगळा डाव याच्या डोक्यात असतो.

चांगला क्वार्टरबॅक नेमका कशाने होतो, हे डॉ. केतकी उपासनी गेली सात वर्षं डेटन शहराच्या संघाच्या या मैदानाच्या कडेला बसून शोधत होती. दंडात ताकद हवी हे खरं, पण तसे दंड कॉलेजांत ढिगाने मिळतात. चेंडू हातात आला की जेमतेम अडीच सेकंद मिळतात. सव्वाशे किलोचे चार गडी अंगावर धावून येत असतात आणि त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता, लांब पळणारा आपला गडी हेरून चेंडू फेकायचा असतो. भल्याभल्यांचं घोडं इथेच पेंड खातं. केतकीने हेल्मेटच्या अस्तरात केसाएवढ्या तारा बसवल्या आणि संकट दिसताच मेंदूत उठणारी भीतीची लहर मोजली. लहर जितकी सपाट, तितका आकडा मोठा. त्याला तिने नाव दिलं शांतांक. तो इतका अचूक ठरला की सगळे संघ त्यावरून खेळाडू निवडू लागले. या संघाने निवडलं तेव्हा क्वार्टरबॅक टोबायस रीडचा शांतांक होता सत्त्याण्णव. तेवढा दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

एका मंगळवारी टोबायसची बायको लोरेटा केतकीकडे आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. आदल्या आठवड्यात त्यांची चार वर्षांची मुलगी घरामागच्या पोहण्याच्या हौदात पडली होती, आणि टोबायस तेव्हा काठावरच होता.

"तो बघत उभा राहिला, डॉक्टर," लोरेटा म्हणाली. "मी आतून धावत येऊन तिला बाहेर काढलं. तर मला म्हणतो, काढणारच होतो."

केतकीच्या तोंडचं पाणी पळालं. खेळाडूची परीक्षा निवडीच्या वेळी एकदाच घ्यायची, अशी तिथली रीत होती. एरवी सामन्यांतल्या नोंदी हेल्मेटमधून येऊन नुसत्या साठत. त्या ओळीने लावून पाहायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. तिच्याही नाही. आता तिने त्या लावल्या. अगदी पहिल्या चाचण्या तिने कॉलेजातल्या खेळाडूंवर घेतल्या होत्या आणि त्यांत वीस वर्षांचा टोबायसही होता. तेव्हा त्याचा शांतांक होता एकेचाळीस. पुढे डोक्यावर पडलेल्या प्रत्येक जबर आघातानंतर तो वर चढला होता आणि पुन्हा कधी खाली आला नव्हता. धैर्य म्हणून ती सात वर्षं जे मोजत आली होती, ती जखम होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

टोबायस आणि कोच ड्युगन, दोघांना समोर बसवून तिने आलेख दाखवला. खेळ आजच थांबवला नाही तर पुढे झोप जाईल, मग बोलणं, मग आठवण, हेही आडपडदा न ठेवता सांगितलं. टोबायस शेजाऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकावेत तसं ऐकत होता.

"तुम्ही खरंच सांगत असाल, डॉक्टर," तो म्हणाला. "पण मला काहीच वाटत नाहीये. वाटायला हवं का?"

सावध करायचं तर समोरच्याला आधी घाबरता यायला हवं, हे केतकीच्या तेव्हा लक्षात आलं.

ड्युगन मात्र आलेखाकडे बराच वेळ बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. केतकीची आई गेली तेव्हा आठवडाभर तिचा जेवणाचा डबा त्याच्या घरून आला होता. त्याने चढत्या रेषेवर बोट ठेवलं.

"म्हणजे हा आकडा वाढवता येतो?"

तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तो मान डोलवत राहिला. तिने सामने भरवणाऱ्या लीगला सविस्तर पत्र लिहिलं. विषय विचाराधीन आहे, असं उत्तर आलं, आणि पाठोपाठ तीन संघांनी त्या आलेखाची प्रत मागवली.

गुरुवारी राखीव क्वार्टरबॅक काइल मैदानात आला तो पांढरी जर्सी घालून. वय बावीस, शांतांक बावन्न. त्याची लाल जर्सी आत खुंटीवर लटकत होती. आता त्यालाही खुशाल धडका द्यायच्या, हे सगळ्यांना कळलं. केतकी धावत ड्युगनकडे गेली. पांढरी जर्सी काइलनेच मागून घेतली, असं ड्युगन म्हणाला आणि काइलची सही असलेला कागद त्याने पुढे धरला.

पहिल्याच धडकेत काइल उताणा पडला. हेल्मेट गवतावर आपटल्याचा आवाज कडेपर्यंत आला. लाल जर्सीतल्या टोबायसने जाऊन त्याला हात दिला.

"भीती वाटली?"

काइलने होकारार्थी मान हलवली.

"जाईल," टोबायस मायेने म्हणाला.

केतकीच्या हातातल्या पडद्यावर बावन्नचे त्रेपन्न झाले होते. शिट्टी वाजली तसा काइल पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. त्याचे हात कापत होते, इतक्या लांबूनही ते दिसत होतं. ते हात असेच कापत राहोत, असं केतकीला अगदी मनापासून वाटलं. पण कापून कापून ते किती दिवस कापणार होते?