कूपनावरचा मुक्काम

दौलत पहिल्यांदा लॉजच्या काउंटरपाशी आला ती कार्तिकातली सकाळ होती. हौसा रजिस्टरात तारीख लिहीत होती. त्यानं खिशातून कूपन काढून तिच्यापुढे सरकवलं आणि हात पटकन मागे घेतला.

"चालतं ना हे इथं?"

"चालतं," हौसा म्हणाली. "गाव?"

"विटा. चार लूम आहेत माझे."

हौसानं मान वर केली. रात्रभर एसटीत बसून आलेला माणूस. डोळे तांबारलेले, पण नजर शांत... तिनं उगाचच पेन झटकलं आणि खोलीची किल्ली काढली.

सुताच्या एका कंपनीची ती योजना होती. वर्षभर तिचंच सूत घेणाऱ्या विणकराला भिवंडीत मुक्कामाची कूपनं मिळायची. पाहुण्याला राहणं फुकट. लॉजला कंपनी पैसे द्यायची, पण नेहमीच्या भाड्याचा तिसरा हिस्सा, आणि तोही तीन महिन्यांनी. मात्र एखाद्या रात्री लॉजच्या सगळ्या खोल्या भरल्या, तर त्या रात्रीच्या कूपनांचं पूर्ण भाडं यायचं. त्यामुळे मालक केसरीनाथशेठचा कायदा सरळ होता. लॉज रिकामा असला की कूपनवाला आश्रित, भरलेला असला की जावई. आश्रिताला मागची खोली, विटकी चादर, आणि गरम पाणी मागितलं तर "बंब बिघडलाय."

"मागची खोली आहे," हौसा म्हणाली. हे सांगताना तिला नेहमीच कसंतरी व्हायचं. "भिंतीपलीकडे कारखाना आहे. रात्रभर लूम चालतात."

"मग झोप लागेल," दौलत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं किल्ली ठेवली आणि जरा घुटमळला. "कारखानदाराला निरोप द्या. भिंतीकडून तिसऱ्या लूमचा धोटा अडखळतोय. कापड खराब निघेल."

हौसाला हसू आलं. पण तो हसला नाही. तो खरंच काळजीत होता.

त्यानंतर तो दर महिन्याला येऊ लागला. सकाळी खोली घ्यायची, दिवसभर बाहेर, रात्री धुळीनं माखून परत. व्यापाऱ्यांकडे जाणारा माणूस असा दिसत नाही, हे हौसाला कळत होतं. तिसऱ्या खेपेला तिनं शेठची नजर चुकवून त्याच्या दाराशी कढत पाण्याची बादली ठेवायला लावली. सकाळी तो काउंटरशी आला.

"बंब दुरुस्त झाला वाटतं?"

"तुमच्यापुरता झाला."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं रजिस्टर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"सगळे मला हौसाताई म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही कशानंच हाक मारत नाही."

"ताई म्हणवत नाही –" दौलत म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... नुसतं हौसा म्हटलं तर चालेल का?"

"लॉजमध्ये नको," हौसा हळूच म्हणाली.

"मग कुठं?"

तिनं त्याची किल्ली खिळ्याला अडकवली. पण त्या दिवशी तिची दुपारी सुट्टी झाली तेव्हा तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीशी उभा होता, आणि ती चालत तिथं गेली.

तिथंच त्यानं सगळं सांगितलं. थोरला भाऊ हिरामण सहा वर्षांपूर्वी बापाशी भांडून घर सोडून भिवंडीला आला होता, लूमवर कामाला. चार वर्षं पत्रं आली, मग थांबली. बाप गेला. आई अजून रोज ताटं वाढताना एक जास्त मांडते. पत्रांवर पत्ता एवढाच – कामतघर, भिवंडी.

"लॉजचं भाडं मला परवडलं नसतं," दौलत म्हणाला. "कूपनं मिळाली म्हणून शोधायला येता येतं. दर खेपेला दोन-तीन चाळी होतात. कारखान्यात विचारलं तर म्हणतात, हिरामण नावाचे वीस आले नि गेले."

"मला आधी का नाही सांगितलंत?" हौसा म्हणाली. "माझं घरच कामतघरला आहे. आई वीस वर्षं चाळीचाळीतून सुकी मासळी विकते."

हौसाच्या आईनं, गोदूबाईनं, सगळं ऐकून घेतलं. "विट्याचा पोरगा? धीर धर. इचारतंय मी," ती म्हणाली. "पन येळ लागंल. चाळी काय थोड्या हायेत?"

वेळ लागला. पौष, माघ, फाल्गुन. दौलत आला की हौसा सुट्टी झाल्यावर त्याच्याबरोबर चालायची. एकेक दार, एकेक नकार. दारं संपली की दोघं वऱ्हाळा तळ्याच्या काठी बसायची. एकदा त्यानं विचारलं, "तुमचं लग्न का नाही झालं?" ती म्हणाली, "बाबा गेले तेव्हा धाकट्या दोघी शाळेत होत्या. त्यांची झाली. मग मला कोणी विचारलंच नाही..." त्याचा हात दगडावर तिच्या हाताच्या इतक्या जवळ आला की तिला त्याची ऊब कळली.

वैशाखात गोदूबाईला माग लागला. ठकुबाई नावाच्या घरमालकिणीच्या चाळीत विट्याचा हिरामण राहत होता, एवढंच कळलं. पुढच्या खेपेला दौलतनं खोलीत सामान टाकलं आणि दोघी त्याला तिकडे घेऊन गेल्या.

ठकुबाईनं त्याला बघितलं आणि खाली बसली. "तोच चेहरा," ती म्हणाली. "पोरा, तुजा भाव न्हाय राहला रं. दोन वरसं झाली. छातीचा आजार. पत्ता इचारला तं सांगं ना. म्हने, बरा झालो की मीच जाईन घरी." तिनं आतून एक पिशवी आणली. दोन सदरे, एक कंगवा, आणि आईला लिहायला घेतलेलं पत्र. फक्त 'ती. आईस' एवढंच लिहिलेलं.

दौलत रडला नाही. त्यानं सदऱ्यांच्या घड्या पुन्हा नीट घातल्या. त्या घड्या घालणाऱ्या हातांकडे बघताना हौसाला कळून चुकलं की या माणसावाचून आता आपलं काही खरं नाही.

दोघं लॉजवर परतली तेव्हा लग्नसराईनं लॉज गजबजला होता. केसरीनाथशेठ हसतमुखानं पुढे आले. नवी चादर, सरबताचा पेला, "या या, दौलतराव." दौलत तडक खोलीत गेला, सामान बांधायला.

शेठनी हौसाला बाजूला घेतलं. "हा चालला तर एक खोली रिकामी राहील. आज पाच कूपनवाले आहेत, पाचांचंही पूर्ण भाडं जाईल. आता या वेळेला दुसरं गिऱ्हाईक कुठनं आणू? तुझं ऐकेल तो. थांब म्हण त्याला."

शेठ काही दुष्ट नव्हते. लॉज चालवायचा तर हेच करावं लागतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण हौसा जिन्यावर थबकली. थांबा – हाच एक शब्द गेले सहा महिने तिच्या ओठांवर होता. आणि आज तो दुसऱ्याच्या हिशेबासाठी उच्चारायचा होता.

दौलत पिशवी घेऊन दाराशीच होता.

"शेठ म्हणतात तुम्हाला थांबवून घे," ती म्हणाली. "लॉज भरलेला दिसला की त्यांना पैसे पुरे मिळतात. नवी चादर त्यासाठीच आहे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, जा. रात्रीची एसटी मिळेल. आईला हे तुमच्याच तोंडून कळू दे." ती त्याच्या वाटेतून बाजूला झाली. "पण... परत या. आता इथं शोधायला कोणी नाही, तरी या. माझ्यासाठी या."

त्यानं पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, "येतो, हौसा." लॉजमध्येच म्हणाला. तिनं अडवलं नाही.

शेठ तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत. मग लग्नाच्या गर्दीत तिच्यावाचून अडलं, तेव्हा बोलले.

ज्येष्ठात दौलत आला तो आईला घेऊन, थेट गोदूबाईच्या घरी. म्हातारीनं ठकुबाईच्या चाळीतल्या हिरामणच्या खोलीची जमीन हातानं चाचपली. कितीतरी वेळ बसून राहिली. संध्याकाळी ती गोदूबाईच्या ओट्यावर टेकली आणि हौसाला तिनं जवळ बोलावून घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

हौसा आणि दौलत मागच्या अंगणात आले. आजूबाजूच्या कारखान्यांची खटखट चालू होती.

"आईला ती खोली सोडून जायचं नाहीये," दौलत म्हणाला.

"आणि माझ्या आईला मी सोडू शकत नाही," हौसा म्हणाली. "विट्याला यायला सांगाल, तर –"

"नाही सांगणार." तो नेहमीच्या त्या शांत नजरेनं तिच्याकडे बघून म्हणाला, "चार लूम एका ट्रकात मावतात. मी मोजून आलोय."

हौसानं पदर तोंडाला लावला. हसावं की रडावं ते तिला कळेना. मग तिनं हात पुढे केला, आणि या वेळी त्यानं तो धरला.