वैमानिकाला पुडिंग का नको होतं

इंग्लंडमध्ये सफक परगण्यातल्या त्या छोट्याशा ग्रंथालयात दुसऱ्या महायुद्धातल्या साप्ताहिकांचा एकच गठ्ठा होता, आणि नेमका त्याच गठ्ठ्यावर मेरिएलचा आणि एका उंच अमेरिकन माणसाचा हात एकदमच पडला.

“आधी तुम्ही,” तो म्हणाला.

“छे छे, तुम्ही!”

शेवटी दोघं एकाच टेबलाशी बसले. बसले ते चांगले तीन आठवडे!

मेरिएलला विसरलेल्या युद्धकथांचं पुस्तक काढायचं होतं – इंग्रज मुली, अमेरिकन शिपाई, त्यांची भांडणं, त्यांचा एकमेकांवर जीव जडणं. तो उंच अमेरिकन, हार्लन, नेब्रास्का राज्यातला. त्याचे आजोबा युद्धात इथल्याच विमानतळावर होते, त्या ओढीनं तो आलेला. आता शुक्रवारी परत निघणार होता, आणि मेरिएलच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. बोलायचं तरी कसं? आईनं दोनदा जेवायला बोलावलं, तर स्वारीनं दोन्ही वेळा गोड हसून नको म्हटलं. म्हणजे... त्याच्या मनात काही नाहीच की!

बुधवारी दुपारी एक कथा सापडली. हार्लन वाचू लागला. एक अमेरिकन वैमानिक मुलीच्या घरी जेवायला येतो आणि पुडिंगला हातही लावत नाही. मुलगी रुसते. आठवड्याची सगळी साखर तिनं त्यात घातलेली! आणि त्या बिचाऱ्याला छावणीत बजावलेलं असतं – इंग्रजांचं रेशन मोजकं, त्यांच्याकडे पोटभर जेवायचं नाही. कुणीच काही विचारत नाही. तो निघून जातो.

“काय बावळट मुलगी आहे रे ही!” मेरिएल चिडली. “सरळ विचारायचं ना!”

“आणि तो मोठा शहाणा?” हार्लन हसला... आणि एकदम कानापर्यंत लाल झाला. “आजोबा सांगायचे, इंग्रज माणसं जेवायला बोलावतात ती रीत म्हणून. आपण नको म्हणायचं असतं.”

“म्हणून तू –? अरे देवा! तू येणारच म्हणून आईनं दोन्ही वेळा आधीच कोंबडी भाजली होती!”

“दोन्ही वेळा?”

“मग! आणि मी दोन्ही वेळा रडले.”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण आता माघार कसली?

“हार्लन, रविवारी जेवायला ये.”

“पण... माझं विमान शुक्रवारी आहे.”

“माहीत आहे मला.” तिनं नजर हलवली नाही. “म्हणून तर रविवारचं बोलावतेय.”

हार्लननं हळूच तिचा हात हातात घेतला.

“राहतो की,” तो म्हणाला. “आणि नुसता जेवायला नाही.”