माळ सोडून गेलेला चकवा

पाठीवरच्या पिशवीची चेन बिघडली म्हणून मी उल्हासनगरला गेलो होतो. पिशवी नवीच होती, माझ्या नातीने, पायलने घेऊन दिलेली. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा. त्याने पिशवी उलटीपालटी करून पाहिली, मग मला पाहिलं आणि विचारलं, ही कुणाची? माझी, म्हणालो. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"इस उमर में लोग काशी जाते हैं, साईं."

"काशी नंतर," मी म्हणालो. "आधी जॉर्जिया."

त्याने चेन बसवली, ओढून दाखवली आणि सांगितलं, परत आल्यावर येऊन सांगा काय पाहिलंत ते. आलो त्याला वर्ष होत आलं. मी त्याच्याकडे गेलो नाही. पण आज तुम्ही विचारलंत, चामटोलीच्या माळावर चकवा होता म्हणतात, मग आता तिथे एवढ्या बिल्डिंगा झाल्या, तो गेला कुठे? तुम्ही सहज विचारलंत. मी सहज सांगू शकत नाही. बसा. लाइट यायला वेळ आहे. मेणबत्ती तेवढी वाऱ्याच्या आड सरकवा.

मी महिपती, मूळ बदलापूरजवळच्या चामटोलीचा. शाळा चौथीपर्यंत. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी केली आणि घरची भातशेतीही केली. दोन्ही नीट केलं. आता जमीन नाही. कात्रपला मुलाकडे राहतो, चौथ्या मजल्यावर.

पायल मैत्रिणीबरोबर जॉर्जियाला जाणार होती. मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि तिने अंग काढून घेतलं. प्रमोद, माझा मुलगा, म्हणाला, एकटीने जायचं नाही. पोरगी जेवेना. घरात भांडी आपटायला लागली. तेव्हा मी म्हणालो, मी जातो बरोबर. प्रमोद हसला. भावना, माझी सून, हसली नाही. तिने विचारलं, गुडघ्यांचं काय? गुडघे माझे आहेत, मी म्हणालो.

विमानतळावर प्रमोदने मला बाजूला घेतलं.

"आण्णा, पोरीला सुखरूप आणा."

"आणीन."

एवढंच. मी शब्द दिला की दिला.

तो देश लहान आहे, पण एका देशात चार देश कोंबल्यासारखा. आधी कोरडे, पिवळे डोंगर लागले. झाड नाही, पाणी नाही. त्यात कोरलेल्या गुहांत साधू राहायचे म्हणे, आपल्या कोंडाण्याच्या लेण्यांसारख्या गुहा. मग खचाखच भरलेल्या मिनीबसमधून समुद्राकडे गेलो. तिथे बदलापूरसारखाच घाम आणि परसात केळी. तिथून वर चढलो तर अंगात दोन स्वेटर. एका गावात चर्च, पुढच्या डोंगरावर लाकडी मशीद, आतून फुलं रंगवलेली. भाषा दर वळणावर बदलल्यासारखी वाटायची. मला एकही येत नव्हती, त्यामुळे मला फरक पडला नाही. मी मराठीत बोलायचो. लोकांना कळायचं. पायल कपाळाला हात लावायची.

"आजोबा, तुम्ही त्या ड्रायव्हरला 'जरा दमानं घे' काय सांगताय? त्याला काय कळणार?"

"कळलं. दमानं घेतलं त्याने."

माझं ओझं मी दुसऱ्याला दिलं नाही. चढावर ती माझ्यामागे चालायची. मी पडलो तर धरायला, हे मला कळत होतं. पोरगी चांगली आहे.

शेवटी उंचावरच्या एका खेड्यात राहिलो. तिथून वर नुसतं गवताचं पठार, त्याच्या मधोमध तळं. घरवालीचं नाव लामारा. विधवा, एकटी, घरात दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. पायल फोनमध्ये बोलायची, फोन लामाराच्या भाषेत बोलायचा. लामारा मक्याची भाकरी दगडी तव्यावर भाजायची आणि मडक्यात पावट्यासारखं काही रटरटवायची. मी दोन घास जास्त जेवलो.

त्यांच्याकडे एक रीत आहे. जेवताना वाइनचा पेला उचलून मेलेल्यांची आठवण काढतात. लामाराने नवऱ्याचं नाव घेतलं, दोन थेंब भाकरीवर सांडले आणि माझ्याकडे पाहिलं. फोन म्हणाला, तुमचं जे माणूस गेलं असेल त्याचं नाव घ्या.

माझी बायको गेली तेव्हा पायल पाळण्यात होती. बायको असताना मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. 'अगं' म्हणायचो. ती 'अहो' म्हणायची. आमच्यात तशीच रीत. गेल्यानंतर नाव घ्यायचं काही कारण उरलं नाही.

"घ्या ना आजोबा नाव," पायल गालात हसत म्हणाली. "लग्नात घेतात तसं."

मी पेला धरला.

"अंजनी," मी म्हणालो.

खिडकीबाहेर लामाराचा कुत्रा उठून उभा राहिला. बाकी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन आम्ही तळं बघायला निघालो. ऊन होतं. वाट सरळ, जागोजाग दगडांवर रंगाचे पट्टे मारलेले. चुकायची सोयच नव्हती. पठारावर आलो आणि धुकं आलं. समोरून नाही, चारी बाजूंनी आलं. गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, त्या एकेक करून थांबल्या.

आम्ही चालत राहिलो. वाटेत एक फुटका खडक लागला, त्याच्या भेगेत सुरूचं रोपटं. काही वेळाने पुन्हा तसाच खडक, तसंच रोपटं. तिसऱ्यांदा लागला तेव्हा पायल थांबली.

"आजोबा, आपण इथून गेलो ना मघाशी?"

"फोन काय म्हणतो?"

तिने पाहिलं. "फोनमध्ये तर आपण पुढेच चाललोय."

तेव्हा मी ओळखलं.

आमच्या माळावर चकवा होता, हे मी लोकांकडून ऐकलेलं नाही. मी त्यात सापडलो आहे. फर्स्ट शिफ्ट करून घरी निघालेला माणूस भर दुपारी स्वतःच्या बांधाभोवती फिरत राहायचा. माझा बाप सांगायचा, सदरा उलटा करून घाल आणि गप बसून राहा. आणि एक सांगायचा. चकव्यात जे दिसतं ते आपलंच असतं. म्हणून तर जायचं नाही.

मी जॅकेट काढून उलटं घातलं. पायललाही घालायला लावलं.

"सीरियसली? चकवा, इथे?" ती हसायला लागली. "इंटरनॅशनल झाला की काय?"

"त्याला व्हिसा लागत नाही. बस खाली."

आम्ही खडकाला टेकून बसलो. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहानपणी असंच झोपायची. मला वाटलं, थोड्या वेळाने सुटेल.

मग वास आला.

राब भाजल्याचा वास. तुमच्यापैकी शेतातला कोण आहे का? पेरणीआधी टहाळ, पाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, तो. भाजणीचा महिना नव्हता, तो देश नव्हता, पण वास तोच. मी हात टेकला तर हाताला गवत लागलं नाही. भाताचे खुंट लागले.

समोर धुकं थोडं पातळ झालं होतं. खाली उतारावर बांध दिसला. बांधाच्या कोपऱ्यात शेवगा. शेवग्यापलीकडे आमचं कौलारू घर आणि कौलांतून निघणारा धूर. त्या जागेवर आज लिफ्टची बिल्डिंग आहे. मी स्वतः सही करून दिली आहे. तरी घर तिथे होतं, आणि दार उघडं होतं.

"अहो…"

मी उठलो नाही.

"अहो… या ना. भाकर थंडावली."

आवाज जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता. तिच्या हातची तांदळाची भाकरी पापुद्रा सुटलेली असायची, तव्यावरून थेट ताटात. थंड झाली की तिला राग यायचा. रागातसुद्धा आवाज चढायचा नाही, असाच राहायचा. मी डोळे मिटून घेतले. हे आपलंच आहे, म्हणून जायचं नाही, असं मनात म्हणत राहिलो. मी कठीण माणूस आहे. मला ते जमलं असतं.

पण मग आवाज वळला.

"बाय… तू तरी ये. भूक लागली ना?"

माझ्या खांद्यावरचं डोकं उचललं गेलं. मी डोळे उघडले. पायल उभी होती.

"आजोबा… आजी बोलावते."

तो तिचा आवाज नव्हता. म्हणजे तिचाच, पण चार वर्षांची असतानाचा. तिला आजीचा आवाज माहीत असायचं कारण नव्हतं. ती उताराला लागली. मी मागून धावलो, तिच्या पिशवीचा पट्टा धरला. ती मला ओढत चालली. एवढी ताकद त्या पोरीत नाही. तिच्या पायाखालून एक दगड सुटून खाली गेला. खाली खुंटांचं शेत दिसत होतं. दगड त्यात पडायला हवा होता. मी आवाजाची वाट पाहिली. आवाज आलाच नाही.

प्रमोदला दिलेला शब्द मला आठवला. दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या आणि मी आयुष्यात दुसऱ्यांदा बायकोला नावाने हाक मारली.

"अंजने… पोरीला सोड. तिचं सगळं व्हायचंय अजून."

सगळं थांबलं. धूरही.

"मी येतो," मी म्हणालो. "तिला जाऊ दे. मी येतो."

मग, अगदी हळू…

"कधी?"

"लावणीला."

पट्टा एकदम सैल झाला आणि आम्ही दोघं मागे पडलो. धुकं जसं आलं तसं चारी बाजूंनी गेलं. ऊन पडलं. पायलच्या बुटांपुढे हातभर जमीन होती आणि मग कडा. खाली बघितलं तर तळ दिसेना. घंटा पुन्हा वाजायला लागल्या.

पायल रडत होती. का रडते ते तिला सांगता येईना. फक्त भूक लागल्याचं तिला आठवत होतं, खूप भूक. मी तिचे डोळे माझ्या बाहीने पुसले आणि तिला उठवलं. खाली येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही.

लामारा फाटकात उभी होती. आम्ही आत आलो. फाटक लावायच्या आधी ती आमच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बराच वेळ बघत राहिली.

मी पोरीला सुखरूप आणलं. प्रमोदला बाकी काही सांगितलं नाही. पायलही बोलली नाही. पण तेव्हापासून ती रोज ऑफिसमधून आली की आधी माझ्या खोलीत डोकावते. मी आहे ना ते बघते.

ती अंजनी होती की चकवा, हे मला कळलेलं नाही. माळावर उजेड झाला, गाड्या आल्या, त्याला कुणाला फिरवायला जागा उरली नाही. तो आमच्याच पाठीवर बसून तिकडे गेला असेल. पण चकवा असता तर माझ्या शब्दावर कशाला थांबला असता? चकव्याला शब्दाचं काय? शब्दावर थांबायची ती. कारखान्यातून येतो म्हटलं की न जेवता थांबायची.

आषाढात लामाराचा निरोप आला. पायलने मला फोटो दाखवला. त्या पठारावर, कड्याजवळ, गुडघाभर उंचीचा बांध घातलेला. आत पाणी अडवलेलं आणि पाण्यात हिरवी रोपं, ओळीने. लामाराने विचारलं होतं, हे कुणी केलं गावात कुणाला माहीत नाही, असलं गवत इथे कुणी पाहिलेलं नाही, गाई जवळ जात नाहीत. आजोबांना विचार, हे काय आहे?

"भात आहे," मी पायलला म्हणालो.

तिने फोटो मोठा केला. ओळी डावीकडे कलत गेल्या होत्या. अंजनी डावखुरी होती. हे पायलला माहीत नाही.

"बांध कुणी घातला मग?" पायलने विचारलं.

मी माझ्या पायांकडे पाहिलं. त्या दिवसांत सकाळी उठलो की पाय ठणकायचे. बघितलं तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी पडून फाटलेली. लावणीत दिवसदिवस चिखलात उभं राहिलं की होतात, तशाच. डॉक्टरने विचारलं, पाण्यात काम करता का? म्हणालो, चौथ्या मजल्यावर राहतो. त्याने मलम दिलं. मलमाने गुण आला नाही.

मग एका सकाळी उठलो तर पायांना गार वाटलं. पांघरूण काढलं. दोन्ही पायांच्या बेचक्यांत वाटलेली मेंदी लावलेली होती. नीट, बोटाबोटात, ओली. चिखल्यांना आमच्याकडे हाच उपाय. भावनाला विचारलं. ती म्हणाली, मी नाही लावली, घरात मेंदी कुठाय? पायल दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

भावना ओलं फडकं घेऊन आली पुसायला. मी तिला थांबवलं. पाय तसेच पसरून बसलो आणि मेंदी वाळू दिली.