वाण सत्तावीसचं पाकीट

"गहू हरवलाय? मग किराणावाल्याकडे जायचं," असं जयदेव बोलून गेला आणि माया रोकडेने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूट स्कूटरची चावी उचलली.

माया उल्हासनगरात खासगी तपासाची कामं घ्यायची. जयदेव तिचा धाकटा दीर. स्कूटर चालवायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचा, दोन्ही सुसाट. समोर बसलेली विनिता म्हात्रे अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत संशोधक होती.

"ओंबीला बुरशी लागली की गव्हात विष उतरतं," विनिता म्हणाली. "दळून, भाजूनही जात नाही. माझ्या सत्तावीस नंबरच्या वाणावर आम्ही मुद्दाम बुरशी फवारली, तरी दाण्यात विष नाही. जगात ओंजळभरच दाणे आहेत ते. आज पाचला गाडी येईल. थोडे बाहेरच्या लॅबला फेरतपासणीला जाणार, बाकीचे पेरायचे. सकाळी पाकीट उघडलं, तर आत दुसराच गहू."

"कसं ओळखलंस?"

"माझा दाणा बारीक, तांबूस. हा टपोरा, पिवळा. ते दाणे गेले तर वाणच गेला, मायाताई. पुन्हा कुठून आणू?"

स्कूटर अंबरनाथकडे निघाली.

लॅबमध्ये मायाने पाकीट रिकामं करून उजेडात धरलं. कागद आतून ठिकठिकाणी पारदर्शक झाला होता, बाहेरून कोरडा. तिने दाणे बोटांत चोळले, बोटं टिश्यूला पुसली आणि टिश्यू पर्समध्ये ठेवला.

"तेलकट डाग," जयदेव कुजबुजला. "वडापाववाल्याला धरा, वहिनी."

पाकीट ठेवायच्या कपाटाची चावी विनिताखेरीज तिघांच्या हाताला लागायची. पहिले विभागप्रमुख नरेंद्र सर. उभा जन्म गव्हात गेलेला माणूस.

"दुसऱ्या कंपनीने मला बोलावलंय, लपवत नाही," ते म्हणाले. "पण हा तर बाजारचा लोकवन. सत्तावीसच्या जागी लोकवन ठेवलेला बघून मला हसूच आलं."

"जेवण कुठे?"

"चिखलोलीला एकटाच राहतो. खानावळीचा डबा."

दुसरा अल्पेश, रोपं सांभाळणारा, बदलापूरकडचा. "आमचे घरा तांदलाची भाकर," तो म्हणाला. "गहू सनासुदीला. सत्तावीसचा दाना तं मी अंधारान पन वलखीन."

तिसरी शीला. धान्यातलं विष तपासण्याचं काम तिचं. ती वडापाव खात होती, शेजारी फडक्यात गाठ मारलेला डबा. जयदेवने मायाला कोपराने ढोसलं.

"माझ्यापर्यंत येतं ते पीठ," शीला म्हणाली. "दाणा कुठला, मला काय कळणार?"

"घरी गहू कुठला खाता?"

"मे महिन्यात वर्षाचा भरतो. शहाडला सासूबाई स्वतः निवडून कोठीत घालतात. आता नोव्हेंबर आला, पण एक सोंडकिडा दाखवा."

"आणि डब्यात काय आज?"

"भाजीपोळी. खावीशी वाटली नाही."

पाच वाजत आले तशी मायाने सगळ्यांना गोळा केलं. तिने टिश्यू खिडकीला लावला. त्याच्यावर बोटांचे पारदर्शक ठसे होते.

"डाग पाकिटाच्या आतून आहेत, म्हणजे तेल दाण्यांना होतं. लॅबमध्ये दाण्यांना कोणी तेल लावत नाही. घरी लावतात. वर्षाचा गहू भरताना, कीड लागू नये म्हणून. एरंडेल."

तिने टिश्यू खाली ठेवला.

"अल्पेशकडे तांदूळ, सरांकडे खानावळ. शिवाय या दोघांनी लोकवन ठेवलाच नसता, लगेच पकडला जाणार हे त्यांना ठाऊक होतं. नुसत्या दाण्यावरून वाण ओळखतात हे ठाऊक नसलेली व्यक्ती एकच."

"मग वडापाव?" जयदेवने विचारलं.

"वडापावच, भाऊजी. घरच्या डब्याची गाठही न सोडता कोणी वडापाव का खाईल?"

शीलाने गाठ सोडली. वरच्या कप्प्यात बारीक, तांबूस दाणे होते. विनिताने डबा आपल्याकडे ओढला.

"सत्तावीसची तपासणी होती त्या आठवड्यात मशीन बंद होतं, तपासणीच्या पट्ट्याही संपल्या होत्या," शीला म्हणाली. "झाडं ठणठणीत दिसत होती, मी विषाचा आकडा अंदाजाने लिहिला. बाहेरच्या लॅबला विष सापडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. म्हणून घरचा स्वच्छ गहू डब्यातून आणून पाकिटात घातला. हे दाणे संध्याकाळी वालधुनी नदीत टाकणार होते."

"म्हणजे माझा वाण तपासलाच नाही?" विनिताने विचारलं. दाणे मिळाले होते, पण आता त्यांच्यात काय आहे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"आत्ता तपासा," माया म्हणाली. "सगळ्यांसमोर."

शीलाने थोडे दाणे दळले, पीठ पाण्यात हलवून गाळलं आणि त्यात तपासणीची पट्टी बुडवली. दोन रेघा आल्या तर गहू स्वच्छ, एकच आली तर विष. एक रेघ लगेच उमटली. मग काहीच नाही. अल्पेश देवाचं नाव पुटपुटायला लागला. जयदेव पट्टीवर वाकला.

आणि दुसरी रेघ आली. आधी फिकी, मग ठसठशीत.

नरेंद्र सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. विनिता हसत होती, रडतही होती.

"खरंच विष नव्हतं, शीलाताई," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते दाणे नदीत टाकणार होता."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"मी येऊ बरोबर?" शीलाने हळूच विचारलं. "आकडा कसा लिहिला, ते लॅबला मीच सांगते."

विनिताने दाणे नव्या पाकिटात भरले, तोंड दुमडलं आणि ते छातीशी धरलं.

"चला," ती म्हणाली. "पण पाकीट माझ्याच हातात राहील."