पलीकडच्या कड्यावरून

डल्सी पुढच्या बुधवारी गाव सोडणार होती. मुलीकडे, हजारो मैलांवर अल्बर्टात, कायमची. जाण्याआधी तिला एकदा बापाच्या कबरीवर जायचं होतं. त्या ओसाड खाडीपर्यंत चार तास डोंगर तुडवायला व्हर्नाखेरीज दुसरं कोण तयार होणार? साठीच्या इतक्या खुळ्या बायका गावात दोनच होत्या.

सप्टेंबरातली लख्ख सकाळ होती. पायाखाली शेवाळ, लालभडक बेरींची झुडपं, वाऱ्याने पार जमिनीला लोळवलेली झाडं. उजव्या हाताला खोल खाली अरुंद, काळं पाणी आणि पाण्यापलीकडे तेवढाच उंच, सरळसोट कडा. न्यूफाउंडलंडच्या या दक्षिण किनाऱ्यावर दोघींचा जन्म गेला होता. व्हर्नाचा दवाखान्यात नर्स म्हणून, डल्सीचा मासळीच्या कारखान्यात.

"हळू चाल गं," डल्सी मागून म्हणाली. "पेशंट शेवटचे श्वास घेत असल्यासारखी पळतेस."

"तू मागे राहिलीस की जरा शांतता मिळते."

"बुधवारनंतर मिळेल की भरपूर. बस मग शांतता कुरवाळत."

व्हर्ना खालच्या पाण्याकडे बघू लागली. महिनाभर हा विषय निघाला की ती अशीच दुसरीकडे कुठेतरी बघायची.

पुढे वाट कड्याच्या पोटातून जात होती. पंचवीसेक पावलं, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. गावातले लोक तिला फळी म्हणत. मधोमध खडकाचं पोट बाहेर आलं होतं. तिथे दोन्ही हातांनी खडक कवटाळूनच सरकावं लागे. लहानपणापासूनची सवय, दोघी बोलताबोलता पलीकडे गेल्या. तिथे थांबून डल्सीने तोंडाभोवती हात धरले आणि समोरच्या कड्याला ओरडून सांगितलं, "मी चालले!"

"मी चालले," कडा म्हणाला.

"आता तू."

व्हर्नाने तिच्याच जागी उभं राहून हाक दिली. काही आलं नाही. पुन्हा दिली. खाली समुद्रपक्षी ओरडले, तेवढंच.

"बघ, डोंगरालासुद्धा तुझ्याशी बोलायचं नाहीये."

"वारा फिरलाय," व्हर्ना म्हणाली. पण गवत मघाच्याच दिशेला झुकलेलं होतं.

खाडीत आता घरं नव्हती. दगडी जोती, एक गंजलेली चूल आणि उतारावर सात कबरी. डल्सी बापाच्या दगडापाशी गुडघे टेकून बाहीने शेवाळ पुसत बसली. व्हर्ना चहाचं पाणी आणायला ओढ्यावर गेली. ती वाकली, तेव्हा खाडीपलीकडच्या कड्यावरून डल्सीचा आवाज आला. ओरडून नव्हे, स्वयंपाकघरात बसून बोलावं तसा.

"पावाला लोणी लावायला विसरलीस, म्हातारे."

व्हर्नाने वळून पाहिलं. डल्सी कबरीपाशीच होती, टोपी कानांवर ओढून, पाठमोरी.

चहा झाला. डल्सी येऊन बसली, तिने पिशवीतला पाव उलगडला आणि म्हणाली, "पावाला लोणी लावायला विसरलीस, म्हातारे."

कप व्हर्नाच्या ओठांपाशीच राहिला. "हे तू मघाशी म्हणालीस."

"मघाशी पाव दिसला तरी होता का मला?"

डल्सी कबरीवर रानफुलं ठेवायला पुन्हा वर गेली. व्हर्ना कप विसळायला लागली आणि समोरचा कडा पुन्हा बोलला. "तुझ्यासारखी तिकडे मिळायची नाही, एवढं खरं." थोडा वेळ गेला. मग अगदी हळू, "व्हर्ना, हात दे."

त्यानंतर काही नाही. व्हर्ना ओढ्यात हात बधिर होईपर्यंत कान देऊन वाकून राहिली. त्यानंतर खरंच काही नाही.

"आज इथेच राहू," डल्सी खाली आल्यावर ती म्हणाली.

"कुठे, बापाच्या शेजारी? अगं, धुकं येतंय. चल मुकाट्याने."

"मग खालून, किनाऱ्याने जाऊ."

"भरती लागलीये. पोहत येतेस?"

कड्याकडून काय ऐकलं ते व्हर्नाने सांगितलं नाही. घाबरलेल्या माणसाचे पाय आधी जातात, हे तिने उभा जन्म पाहिलं होतं. तिने फक्त डल्सीला बोलतं ठेवलं. शाळेतल्या बाईंचं नाव काय होतं, मुरंबा कसा करायचा, नातवाचे दात किती आले. डल्सी हसत उत्तरं देत होती. धुकं पाण्यावरून चढत आलं. समोरचा कडा गेला, मग खालचं पाणी गेलं.

फळीच्या तोंडाशी डल्सी थांबली. टोपी मागे सारून तिने कपाळ पुसलं आणि थट्टेचा सूर सोडून म्हणाली, "तुझ्यासारखी तिकडे मिळायची नाही, एवढं खरं."

पन्नास वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. व्हर्नाला रडू यायला हवं होतं. तिने डल्सीचा हात गच्च पकडला.

"मी काय पोर आहे का?"

"सोडू नकोस."

पण खडकाच्या पोटाशी हात सोडावाच लागला. व्हर्ना आधी सरकली. पलीकडे पाय टेकला. वळली.

पांढरं धुकं. खडकावर बूट घासल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

"डल्सी?"

खूप वेळाने, जवळूनच, "व्हर्ना, हात दे."

तिने हात धुक्यात घातला. बोटं आली. तिने सगळा जोर लावून ओढलं, आणि डल्सी आली.

व्हर्ना वाटेवरच बसली आणि हमसून हमसून रडली. डल्सी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, एकदाही न चिडवता.

मग दोघी हातात हात घालून उतरू लागल्या. गाव अर्ध्या तासावर राहिलं, तेव्हा मागून, फळीच्या बाजूने, हाक आली.

"डल्सी!"

पुन्हा. पुन्हा. बाईचा आवाज, तासन्‌तास ओरडून फाटलेला. व्हर्ना जागीच थांबली. तो आवाज तिचा स्वतःचा होता.

"ओ देऊ नकोस तिला," डल्सी म्हणाली.

हाका येतच राहिल्या. खाली गावातले पहिले दिवे धुक्यातून अंधुक दिसत होते. व्हर्नाच्या पापण्यांवरून, केसांवरून, कोटाच्या बाह्यांवरून पाणी निथळत होतं. तिने हात सोडला नाही. तिने फक्त एकदा शेजारी पाहिलं. टोपीबाहेर आलेले डल्सीचे पांढरे केस कोरडे ठणठणीत होते, आणि उन्हात उडावेत तसे भुरभुरत होते.