धुराखालची होडी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे खरं घडलेलं आहे. माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत. भुताखेतांचा विषय निघाला की जी उठून आत निघून जाते, तिच्याच बाबतीत.

रात्री नाही. मंगळवारी, भर दुपारी अडीच वाजता, एका संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर.

मावशी जुनी चित्रं दुरुस्त करते. त्या वेळी प्रदर्शनासाठी चार चित्रं एकत्र आली होती. एक होतं अडीचशे वर्षांपूर्वीच्या आरमारी लढाईचं रेखाटन, जहाजावर बसूनच कुणीतरी शाईने काढलेलं. बाकीची तीन मोठी तैलचित्रं. पुढच्या सत्तर वर्षांत तीन चित्रकारांनी त्या रेखाटनावरून रंगवलेली.

रेखाटनात तुटकी शिडं, तोफा, सगळं बारीक. मधोमध मात्र तळहाताएवढा कागद कोरा.

तिन्ही तैलचित्रांत नेमका तिथेच दाट धूर.

मावशीने रंगाखालचं टिपणारा कॅमेरा लावला. पहिल्या चित्रात, धुराखाली...

एक होडी.

दुसऱ्यात होडी. तिसऱ्यातही.

तिघांनी आधी होडी काढली होती. मग झाकली होती. आणि तिसरा चित्रकार तर पहिला वारल्यावर जन्मलेला.

म्हणजे मूळ रेखाटनात होडी असणार आणि ती नंतर कुणीतरी, कदाचित इथेच, खोडली असणार. मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक तिच्याकडे, दुसरी फ्रेमवाल्या काकांकडे. वीस वर्षं दोघं एकाच टेबलावर चहा पीत आलेले. "चित्राला टाळ्या, फ्रेमला नावं," हे काकांचं नेहमीचं रडगाणं.

तिने भिंगाखाली कागद तपासला. खरवडल्याची खूण नव्हती. पण कोरी जागा बोटाला...

ओली लागली.

बाकीचा कागद ठणठणीत कोरडा.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला...

चुबुक.

थोडं थांबून पुन्हा. चुबुक.

काका बादलीत स्पंज बुडवतायत, असं वाटून ती तरातरा गेली. बादली उपडी होती. स्पंज वाळून कडक. आणि काका नुकतेच जेवून जिना चढत होते.

तरी तिचा संशय गेला नाही. तिने सरळ विचारलं. काकांनी ऐकून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, "मी त्याला हात लावला नाही. तूही लावू नकोस."

हे ऐकून ती आणखीच बिथरली. वरपर्यंत तक्रार गेली. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

आता दोन्ही किल्ल्या तिच्याकडे होत्या.

पुढच्या मंगळवारी दार आतून लावून ती कामाला बसली. रेखाटनावर पारदर्शक फिल्म ठेवून कागदाच्या चिरा पेनाने गिरवायच्या, एवढंच काम. तासाभराने तिने फिल्म उचलली.

चिरा होत्या. आणि मधोमध...

होडी. तिच्याच पेनाची, तिच्याच हातची.

आत माणसं होती.

पुढचं तिला धड आठवत नाही. भानावर आली तेव्हा होडीवर शाईचा काळा थर होता आणि दौत रिकामी होती.

संध्याकाळी तिने काकांना फोन केला. रडत माफी मागितली.

काका म्हणाले, "फ्रेमच्या मापासाठी मीही एकदा त्यावर कागद ठेवला होता."

"मग?"

"जाळला. तूही जाळ."

काका परत कामावर आले नाहीत. साहेबांनी दोनदा बोलावूनही नाही.

आणि मावशीला फिल्म जाळता आली नाही. तोवर फिल्मवर नोंदीचा नंबर पडला होता, ती फाइलला लागली होती. सरकारी कागद, एकदा लागला की लागला. आजही ती तिथल्या कपाटात आहे.

होडीत कोण होतं, हे मी मावशीला एकदाच विचारलं. ती एवढंच म्हणाली, की फिल्मवर दौतीतली शाई फार टिकत नाही. वाळली की पापुद्रे सुटतात.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. ती फाइल उघडून बघायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.